अधोगमन क्षेत्रांचे व पर्वतपट्ट्यांचे भूरसायन

एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तप्त थरात, बुडतो, त्या पट्ट्याला अधोगमन क्षेत्र किंवा सबडक्शन झोन म्हणतात. तिथे कोणती मूलद्रव्ये खाली गेली, कोणती ज्वालामुखीवाटे वर आली, कोणती खालीच अडकली आणि समुद्र संपून दोन खंड भिडल्यावर त्यांचे काय झाले, याचा माग खडकांच्या रासायनिक पृथक्करणावरून काढणारी ही भूविज्ञानाची शाखा आहे. भूकंपाच्या नोंदींवरून बुडणारा भूपट्ट सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत ओळखता येतो. पण त्यातून काय निघाले, काय उरले, हे भूकंपमापकाला कळत नाही. ते दगडालाच विचारावे लागते.

सोलापूर अशा कोणत्याही पट्ट्यावर वसलेले नाही. शहराच्या पायाखाली आहे तो दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे भुईकोट किल्ल्याच्या तटात, जुन्या वाड्यांच्या जोत्यांत आणि रस्त्याच्या खडीत दिसणारा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानावरून सरकत असताना हा लाव्हा भेगांतून बाहेर पडला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. तरीही या विषयाची सुरुवात इथल्या दगडापासून करणे सोयीचे ठरते. अधोगमनाची खूण ओळखायची, तर ती नसलेला दगड आधी नीट पाहिलेला असावा लागतो.

याच सुमारास भारत व आशिया यांच्यामधल्या तेथिस महासागराचा तळ आशियाखाली बुडत होता आणि त्यातून लडाखचा ग्रॅनाइटी गाभा आकार घेत होता. त्यातील बहुतेक खडक सुमारे १० ते ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. लेह शहर त्याच राखाडी खडकाच्या कुशीत आहे. म्हणजे लेहचा राखाडी दगड आणि सोलापूरचा काळा दगड जवळजवळ एकाच युगातले. फरक आहे तो चुलीचा. सोलापूरचा शिलारस प्रावरणाच्या उष्णतेने वितळला. लेहच्या दगडामागे मात्र पाणी आहे.

पाण्याचे काम : महासागराचा तळ मूळचा बेसाल्टच. मध्य-महासागरी कटकावर, म्हणजे समुद्रतळावरच्या लांबलचक डोंगररांगेवर, तो थंड होताना समुद्राचे पाणी भेगांतून आत शिरते आणि खनिजांच्या रचनेत बांधले जाते. खालच्या प्रावरणखडकात तयार होणाऱ्या सर्पेंटाइन या खनिजात वजनाने १२ ते १३ टक्के पाणी असते. वर गाळाचा थर साचतो. हे सगळे गर्तेतून, म्हणजे भूपट्ट बुडतो तिथल्या समुद्रतळाच्या खोल चरातून, खाली उतरू लागले की दाब व तापमान वाढून खनिजे मोडतात आणि पाणी सुटते. साधारण ५० किलोमीटरच्या खाली बेसाल्टाचा बेसाल्टपणा संपतो आणि तांबडे गार्नेट व हिरवे पायरोक्सीन असलेला जड एक्लोजाइट तयार होतो. सुटलेले पाणी वरच्या तप्त प्रावरणात शिरते व त्याचा वितळणबिंदू कित्येक शे अंशांनी खाली आणते. बुडणारा भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोलीवर पोचतो, त्याच्या माथ्यावर ज्वालामुखींची माळ उभी राहते ती यामुळे. भूपट्ट घर्षणाने तापून वितळतो, असे स्पष्टीकरण अजूनही पुष्कळदा ऐकू येते. बहुतेक अधोगमन क्षेत्रांच्या बाबतीत ते चूक आहे.

सुटलेले पाणी कोरे नसते. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे, सीझियम, पोटॅशियम ही मूलद्रव्ये त्यात सहज विरघळून वर जातात. नायोबियम, टँटलम आणि टायटॅनियम मात्र पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना खाली रूटाइल नावाचे खनिज धरून ठेवते. त्यामुळे अशा ज्वालामुखीच्या खडकांचे आकडे प्रावरणाच्या तुलनेत मांडले की बेरियम-शिशाची शिखरे दिसतात आणि नायोबियम-टँटलमपाशी खोल खड्डा पडतो. या आलेखाला वर्गात सरळ स्पायडर म्हणतात. खंडीय कवचाच्या सरासरी आलेखातही तोच खड्डा आहे. खंडांचा बराच भाग अधोगमन क्षेत्रांतून घडला असावा, या मताला त्याचा मोठा आधार आहे.

गाळ खरोखर खाली जाऊन परत येतो याचा सर्वांत देखणा पुरावा बेरिलियम-१० या समस्थानिकाचा. विश्वकिरणांच्या माऱ्याने तो हवेत तयार होतो, पावसाबरोबर खाली येतो आणि समुद्राच्या चिखलात मुरतो. त्याचा अर्धायुःकाल सुमारे १४ लाख वर्षे, त्यामुळे पृथ्वीच्या पोटात जुना साठा शिल्लक असण्याची शक्यताच नाही. १९८० च्या दशकात तो अधोगमन क्षेत्रांतील ताज्या लाव्हांत सापडला. समुद्रतळावरचा चिखल गर्तेतून शंभर किलोमीटर खाली जाऊन, शिलारसात मिसळून, काही दशलक्ष वर्षांत पुन्हा उजेडात आला होता. निकाराग्वाच्या लाव्हांत तो ठळक आढळतो, मारियाना बेटांत जवळजवळ नाही. सगळीकडचा गाळ सारख्या प्रमाणात खाली जात नाही आणि सारख्या वेगाने परततही नाही.

भारताच्या हद्दीत जिवंत अधोगमन क्षेत्र आहे ते अंदमानात. सोलापूर ज्या भूपट्टावर बसले आहे त्याचीच पूर्वेकडची कड तिथे खाली जाते. २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा भूकंप व त्सुनामी याच सीमेवरची. तिथले बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी दीड शतकाहून अधिक काळ गप्प राहिला आणि १९९१ मध्ये पुन्हा उसळला. त्याचाही लाव्हा मुख्यतः बेसाल्टच आहे. नुसत्या नजरेला तो दख्खनच्या दगडापेक्षा फारसा निराळा वाटणार नाही.

टकरीनंतर : सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तेथिस संपला आणि भारताची कड स्वतःच आशियाखाली गेली. हलके खंडीय कवच फार खोल जाऊ शकत नाही, असा पूर्वी समज होता. लडाखमधील त्सो मोरारी परिसरात गार्नेटच्या कणांत कोएसाइट मिळाले आणि हिमालयापुरता तो समज मोडला. कोएसाइट हे सिलिकेचे असे रूप आहे की जे तयार व्हायला सुमारे ९० किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीचा दाब लागतो. तो दगड तिथवर गेला आणि, नवल म्हणजे, परतही आला. तिथल्या एक्लोजाइटचे रसायन काश्मीरच्या पंजाल ट्रॅपशी जुळते. म्हणजे एका जुन्या लाव्हाचेच हे तांबडे-हिरवे रूपांतर.

पुढे जाड झालेले कवच आतून तापले आणि सुमारे २.४ ते १.६ कोटी वर्षांपूर्वी जुने गाळखडक वितळून टुर्मलीनचे काळे ठिपके असलेला पांढुरका ग्रॅनाइट बनला. त्याच्या उगमाची साक्ष स्ट्रॉन्शियम देते. रुबिडियम-८७ च्या क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ साठत जाते, म्हणून जुन्या कवचात त्याचे स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेले गुणोत्तर चढे असते. प्रावरणातून आलेल्या खडकात ते ०.७०४ च्या आसपास, तर या ग्रॅनाइटात ०.७३ च्याही वर जाते. भूरसायनात तिसऱ्या दशांश स्थळावरून भांडणे होतात, तिथे हा फरक प्रचंडच म्हणायचा.

नमुना : ही सगळी इमारत मूठभर दगडावर उभी असते आणि सोलापुरात तो नमुना घेणे वाटते तितके सोपे नाही. वरचा मुरूम उपयोगाचा नाही, कारण हवापाण्याने त्यातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम केव्हाच वाहून गेलेले असते. विहिरीच्या ढिगातला दगड ताजा दिसतो, पण त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, हुलँडाइट अशा झिओलाइटांचे पांढरे-गुलाबी खडे भरलेले असतात. ते चुकून भुकटीत गेले की पृथक्करणात लाव्हाबरोबर नंतर झिरपलेल्या पाण्याचेही रसायन मोजले जाते. घण घालून आतला घट्ट, निळसर-काळा गाभा काढावा लागतो. त्यानंतर दळण. टंगस्टन कार्बाइडच्या खलात दगड झटपट फुटतो, पण त्या खलातूनच टँटलम भुकटीत उतरते. जे मूलद्रव्य कमी आहे की नाही हे शोधायचे, तेच आपण हाताने वाढवून ठेवायचे! म्हणून अशा कामासाठी अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा, खल वापरतात आणि वेळ लागला तर लागू देतात.

दख्खन आणखी एका बाबतीत सावध करतो. सह्याद्रीतील बुशे नावाच्या लाव्हाथरांनी वर येताना जुने कवच पोटात घेतले आहे. त्यांच्यात स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर चढे आहे आणि नायोबियमचा खड्डाही आहे. जागा ठाऊक नसती, तर तो थर एखाद्याने अधोगमन क्षेत्रातला म्हणून सहज खपवला असता. त्यावरच्या आंबेनळी थरांत ही भेसळ अगदी कमी आहे.

हे जुने कवच सोलापूरपासून फार दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्ट सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि खाली प्राचीन रूपांतरित खडक लागले. छिद्र न घेता हे कवच पाहायचे असेल तर रायचूरकडची गाडी धरावी. अक्कलकोट, दुधनीपर्यंत काळे रान सोबत करते. कलबुर्गीच्या पुढे शहाबादला भीमा खोऱ्याचा चुनखडक उघडा पडतो. सोलापूरच्या कितीतरी घरांत पायाखाली असलेली शहाबादी फरशी ती हीच. यादगीरला पोचेपर्यंत ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि गोलसर धोंडे दिसू लागतात. हे धारवाडचे सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे कवच. त्याच्या बऱ्याच खडकांत नायोबियमचा खड्डा स्पष्ट आहे आणि त्यावरून त्या काळीही भूपट्ट बुडत होते असे एक गट म्हणतो. तेव्हाचे प्रावरण आजच्याहून तप्त होते, जाड कवचाचा तळ वितळूनही असेच रसायन मिळू शकते, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे. बुशेचे उदाहरण समोर असताना नुसत्या खड्ड्यावर पहिल्या गटाची बाजू सिद्ध धरता येत नाही.