लॅपटॉप पळवायचा तर आधी व्होल्टेज उतरवा

गेमिंग लॅपटॉपच्या ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: मेगाहर्ट्झची पट्टी उजवीकडे सरकवायची, गेम सुरू करायचा आणि दहा मिनिटं खूश व्हायचं. मग पंख्यांचा आवाज टिपेला पोचतो आणि फ्रेम रेट आधी होता त्याच्याही खाली येतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या उष्णतेला बाहेर पडायला वाट ठरावीकच असते. ती अपुरी पडली की दोन्ही चिप स्वतःहून वेग कमी करतात. डेस्कटॉपवर आपण विचारतो की ही चिप किती वेगाने धावू शकेल. लॅपटॉपवर विचारायचं ते हे की मिळणाऱ्या वॅटमध्ये जास्तीत जास्त काम कसं करून घेता येईल.

चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना थोडा विद्युतभार भरून घेतो आणि सोडून देतो. हे जितक्या वेळा घडेल तितकी वीज जास्त, म्हणजे खर्च वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढतो. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गणित करून बघा. वारंवारता ५ टक्के वाढवली आणि ती पेलण्यासाठी व्होल्टेजही ५ टक्के चढवावं लागलं, तर खर्च १.०५ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. उलट वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज १.२० वरून १.१० व्होल्टवर आणलं, तर खर्च साधारण १६ टक्क्यांनीच घटतो. त्यात भर म्हणजे तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो. त्यामुळे तीच चिप तेच काम ९५ अंशांवर करताना ७५ अंशांपेक्षा जास्त वॅट खाते.

व्होल्टेज उतरवायला जागा मुळात असते का? बहुतेक वेळा असते. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिपही तंतोतंत सारख्या नसतात. त्या मॉडेलची सुमार चिपसुद्धा गरम असताना आणि काही वर्षं वापरून झाल्यावरही चुकू नये, म्हणून कंपनी थोडं जास्तीचं व्होल्टेज ठरवते. तुमच्या चिपला त्यातलं किती लागत नाही हे शोधणं, हेच लॅपटॉपवरचं शहाणं ओव्हरक्लॉकिंग. शेजारच्याच्या लॅपटॉपवर चाललेला आकडा तुमच्या लॅपटॉपवर चालेल असं मुळीच नाही.

आधी मोजमाप

कशालाही हात लावण्याआधी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्याच्या प्रकारात उघडा आणि नेहमीचा जड गेम ३० मिनिटं खेळा. पाच मिनिटांची चाचणी फसवते, कारण तांब्याच्या नळ्या, पाती आणि लॅपटॉपचा सांगाडा तापून स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रोसेसरचं तापमान आणि वॅट, ग्राफिक्स चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान), दोन्ही चिपची वारंवारता, असे आकडे लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा. खोली पाच अंशांनी थंड असेल तर चिपही जवळपास तितकीच थंड दिसते आणि श्रेय भलत्याच बदलाला जातं.

याच सॉफ्टवेअरमध्ये वेग नेमका कशामुळे अडतोय हेही दिसतं. ‘पॉवर’ची मर्यादा लागत असेल तर वॅट अपुरे पडताहेत, ‘थर्मल’ची लागत असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये. या दोन्ही नसतील तरच वारंवारतेची पट्टी सरळ सरकवण्यात अर्थ आहे, आणि लॅपटॉपवर असं क्वचित घडतं.

हॉटस्पॉट आणि सरासरी तापमान यांत २०-२५ अंशांहून जास्त फरक दिसला तर सेटिंगच्या भानगडीत पडू नका. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्याकडे पोचवणारा लेप, वाळली आहे किंवा चिपवर सगळीकडे नीट बसलेली नाही. लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं. तापणं-निवणं चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. त्यामुळे घट्ट पेस्ट किंवा हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखा, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरणारा पॅड जास्त टिकतो. लिक्विड मेटल उष्णता सर्वांत छान वाहून नेतं, पण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं आणि ते वीजवाहक असल्यामुळे एक थेंब घरंगळला तरी बोर्ड जातो. सवय नसेल तर नकोच. साफसफाई करताना आधी बॅटरीची जोडणी काढा आणि हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा; मोकळा पंखा भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. लॅपटॉपची मागची बाजू ३-४ सेंटीमीटर उचलणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो हमखास उपयोगी पडतो.

प्रोसेसर

इंटेलच्या नावामागे एचएक्स किंवा एचके असेल तर गुणक, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा, सहसा खुला असतो. नुसतं एच असेल तर बहुधा कुलूपबंद. एएमडीच्या काही एचएक्स प्रोसेसरवर बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर ही व्होल्टेज उतरवण्याची सोय मिळते. गुणक खुला असला तरी तो वाढवायच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गेममध्ये लॅपटॉपचा प्रोसेसर त्याच्या मूळ टर्बो वेगावरही फार काळ टिकत नाही. वरची मर्यादा आणखी वाढवून काय साधणार?

व्होल्टेज उतरवण्याची सोय मात्र सगळीकडे मिळत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज नेमकं कमी करून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातल्या आकडेमोडीत चुका घडवता येतात, हे संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर अनेक लॅपटॉपच्या बायोस अपडेटमध्ये ही सोयच बंद झाली. विंडोजमधलं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण चालू असेल तरीही ती अडते. ते बंद करायचं की नाही हे विचार करून ठरवा. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असतील तर ते चालूच ठेवणं बरं.

सोय उपलब्ध असेल तर थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमधली एफआयव्हीआर ही व्होल्टेजची खिडकी उघडा. कोअर (आकडेमोड करणारा भाग) आणि कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दोन्हींना उणे ५० मिलिव्होल्ट द्या. बऱ्याच पिढ्यांमध्ये दोघांना सारखा आकडा दिला नाही तर बदल लागूच होत नाही आणि आपण उगाच खूश होतो. सिनेबेंच या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी घ्या, मग १०-१० मिलिव्होल्टने खाली उतरा. लॅपटॉप गोठला किंवा निळा पडदा आला की तिथून २० मिलिव्होल्ट वर या. उणे ५० ते उणे १०० या पट्ट्यात बऱ्याच चिप थांबतात. हे आकडे बायोसमध्ये न टाकता विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमध्येच ठेवा आणि खात्री पटेपर्यंत ते आपोआप सुरू होऊ देऊ नका. सॉफ्टवेअरमधली चूक लॅपटॉप पुन्हा सुरू केला की पुसली जाते. बायोसमधल्या चुकीमुळे लॅपटॉप सुरूच झाला नाही तर मात्र झाकण उघडून बसावं लागतं.

व्होल्टेज कुलूपबंद असेल तर वॅटची मर्यादा बदला. पीएल१ म्हणजे प्रोसेसरने सतत खायचे वॅट, पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठी खाता येणारे. आय९-१३९८०एचएक्सचंच बघा: मूळ ५५ वॅट, टर्बोमध्ये कमाल १५७. गेमला एवढे वॅट सहसा लागत नाहीत, पण मोकळीक मिळाली की प्रोसेसर ते खातो आणि त्याच तांब्याच्या नळ्यांवर अवलंबून असलेली ग्राफिक्स चिप तापते. पीएल१ ५५-६० वर आणि पीएल२ ८०च्या आसपास आणून बघा. ज्या गेममध्ये ग्राफिक्सचाच भार जास्त असतो तिथे प्रोसेसरचे वॅट कमी करूनही फ्रेम वाढलेल्या दिसतात.

ग्राफिक्स चिप

इथे आधी आपल्या मशीनची ऐपत कळायला हवी. एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० ला कंपनीनुसार ३५ ते ११५ वॅट मिळतात. ही मर्यादा चिपच्या स्वतःच्या बायोसमध्ये बांधलेली असते, म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स चिपची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधली पॉवरची पट्टी लॅपटॉपवर सहसा हलतच नाही. दुसऱ्या मॉडेलचा बायोस चढवून ती वाढवता येते, असं सांगणारे भेटतात. त्या वॅटसाठी तुमच्या बोर्डवरची वीजपुरवठ्याची साखळी आणि थंडाव्याची व्यवस्था बनवलेलीच नसते.

सोपी पद्धत अशी. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक अधिक ५० मेगाहर्ट्झ करा, जड गेममध्ये पंधरा मिनिटं तपासा, मग २५-२५ ने वाढवा. १०० ते १५० च्या दरम्यान बहुतेकांची हद्द येते. या पद्धतीत व्होल्टेज वाढत नाही. आहे त्या व्होल्टेजवर थोडी जास्त वारंवारता मागितली जाते. म्हणूनच ती बऱ्यापैकी निर्धोक आहे.

खरी मजा कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या व्होल्टेजवर किती वारंवारता हे दाखवणाऱ्या रेघेत आहे. गेम चालू असताना वारंवारता आणि व्होल्टेज कुठे स्थिरावतात ते पाहा. समजा १८०० मेगाहर्ट्झ आणि ९२५ मिलिव्होल्ट. आता आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, म्हणजे ही रेघ उघडेल. आधी कोअर क्लॉक उणे २०० करून सगळी रेघ खाली आणा. मग ८५० मिलिव्होल्टवरचा ठिपका उचलून १८०० वर ठेवा आणि लागू करा. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेघ सपाट होते, म्हणजे चिप ८५० च्या वर जातच नाही. तेवढ्याच वेगात वीज सुमारे १५ टक्के कमी. हे काम चिप गरम असतानाच करा, कारण एनव्हिडियाच्या चिपमध्ये तापमानाबरोबर ही रेघ १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायरीने सरकते आणि थंड असताना ठेवलेला ठिपका गेममध्ये भलतीकडेच सापडतो. स्थिर चाललं की वाचलेले वॅट वेगात बदला: त्याच ८५० वर १८३०, मग १८६०. इतके दिवस वॅट कमी पडल्यामुळे अडलेली चिप आता आणखी वर टिकते.

ग्राफिक्स मेमरीचं वागणं थोडं लबाड असतं. जीडीडीआर६ मेमरीत डेटा पाठवताना झालेली चूक पकडून तो पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे वेग फार वाढवला तर पडद्यावर ठिपके दिसण्याच्या आधीच फ्रेम घटायला लागतात. आकडा वाढलेला, काम मात्र कमी. १००-१०० ने वाढवा, प्रत्येक वेळी वेग मोजणारी तीच चाचणी चालवा आणि गुण घसरले की २०० मागे या.

बिघडतं तेव्हा

सिनेबेंच तासभर चाललं म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. कमी व्होल्टेजचा खरा कस हलक्या कामात लागतो. एखादाच कोअर क्षणभर सर्वाधिक वेगावर उडी घेतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज कमी पडतं. ब्राउझर उघडताना किंवा झोपवलेला लॅपटॉप जागा करताना तो अडकला तर प्रोसेसरचं व्होल्टेज १०-२० मिलिव्होल्टने वाढवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी अधूनमधून बघत जा. त्यातली १९ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच सुधारली. वरवर काहीच झालेलं नसतं, तरी तुमची फाइल बिघडण्याच्या फार जवळ तुम्ही आलेले असता.

गेम एकदम बंद पडून डेस्कटॉप दिसू लागला किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परतला, तर बहुधा ग्राफिक्स कोअर जास्त ताणलेला आहे. चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसल्या तर मेमरीकडे बघा. आणि लॅपटॉप अचानक ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर येऊन बसला तर ते बीडी प्रॉकहॉट या इशाऱ्याचं काम: बोर्डवरचा एखादा भाग तापला किंवा ॲडॉप्टर ओळखता आला नाही, म्हणून बोर्डने प्रोसेसरला थांबवलं. थ्रॉटलस्टॉपमधली ती खूण काढली की वेग परततो. पण ज्या भागाने हाक दिली तो तापतच राहतो, म्हणून ती खूण काढू नका.

व्होल्टेज कमी करून चिप जळत नाही. फार तर लॅपटॉप अडकतो. वाढवण्याची गोष्ट निराळी. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान एकत्र आले की चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतले अणू प्रवाहाबरोबर सरकत जातात, ट्रान्झिस्टरही थकतात आणि त्याच वेगासाठी दरवर्षी थोडं अधिक व्होल्टेज लागू लागतं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसर वारंवार अडकण्याचा २०२४ मध्ये जो गोंधळ झाला, त्याचं मूळ वाढीव व्होल्टेजमध्येच होतं. त्या ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वर मागणी करण्यालाच आडकाठी घातली. पण आधीच झिजलेल्या चिप त्याने दुरुस्त झाल्या नाहीत.

ॲडॉप्टरकडेही लक्ष असू द्या. गेम खेळताना चार्जिंग चालू असूनही बॅटरी हळूहळू उतरत असेल तर दोन्ही चिप मिळून ॲडॉप्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त मागताहेत. प्रोसेसरचे वॅट आणखी कमी करा. सतत प्लगवर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते आणि फुगूही शकते, म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवा. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा तळ नीट टेकेनासा झाला तर लॅपटॉप ताबडतोब बंद करून बॅटरी बदलून घ्या.

ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा बायोस अपडेट झाला की ३० मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या. बायोस अपडेटनंतर व्होल्टेजची सोय गायब झालेली असू शकते, आणि नव्या ड्रायव्हरवर कर्व्हचा जुना ठिपका एक-दोन पायऱ्या खाली आणावा लागू शकतो.