ब्रिटनमधील स्वयंरोजगारी व्यक्तींचे नॅशनल इन्शुरन्स आणि स्टेट पेन्शन

मराठीत ‘सरकारी पेन्शन’ म्हटले की सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमधील स्टेट पेन्शन तसे नाही. टॅक्सीचालक, प्लंबर, शिवणकाम करणारी, घरून डबे पुरवणारी, कोणालाही ते मिळते. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे वर्गणीवर चालणारा सरकारी सामाजिक विमा, त्याच्या खात्यावर पुरेशी वर्षे जमा असली पाहिजेत, एवढीच अट. नोकरदाराची वर्गणी मालक पगारातून कापून भरतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे वर्ष मोजले जाणार की नाही, हे त्याने स्वतः भरलेल्या कराच्या विवरणपत्रावर ठरते, आणि नुकसान होते ते बहुधा इथेच.

ब्रिटनमध्ये वृद्धांना पेन्शन १ जानेवारी १९०९ पासून मिळू लागले. वय ७० पूर्ण हवे, उत्पन्न तुटपुंजे हवे, आणि रक्कम जास्तीत जास्त आठवड्याला ५ शिलिंग. अर्थतज्ज्ञ विल्यम बेव्हरिज यांच्या सामाजिक विम्यावरील १९४२ च्या अहवालानंतर १९४६ चा नॅशनल इन्शुरन्स कायदा झाला, आणि ५ जुलै १९४८ पासून स्वतःचा धंदा करणारेही वर्गणीदार झाले. नोकरदारांसाठी क्लास १, स्वयंरोजगारींसाठी क्लास २. ही वर्गणी म्हणजे दर आठवड्याचे तिकीट विकत घेऊन कार्डावर चिकटवणे. कार्डे केव्हाच गेली, पण जुनी माणसे आजही ‘स्टॅम्प भरला’ असेच म्हणतात.

पुढे १९७५ मध्ये नफ्याच्या प्रमाणात आकारला जाणारा क्लास ४ आला. याचा आणि पेन्शनचा संबंध नाही, ही गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षे माहीत नसते. क्लास ४ कितीही भरा, पेन्शनमध्ये एका पेनीची भर पडत नाही. शिवाय १९७८ आणि २००२ मध्ये नोकरदारांना पगाराशी निगडित जादा पेन्शनची सोय झाली, तीतून स्वयंरोजगारींना वगळले होते. त्यांच्या वाट्याला फक्त मूळ पेन्शन.

ही तफावत ६ एप्रिल २०१६ रोजी मिटली. त्या दिवशी किंवा त्यानंतर पेन्शनचे वय गाठणाऱ्यांना नवे स्टेट पेन्शन लागू झाले आणि त्यात स्वयंरोजगारीचे वर्ष नोकरदाराच्या वर्षाइतकेच मोलाचे ठरले. पूर्ण रकमेसाठी साधारणपणे ३५ वर्षे लागतात. १० वर्षांपेक्षा कमी असतील तर काहीच मिळत नाही. पूर्ण रक्कम २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड होती. पेन्शनचे वय ६६ होते, ते २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे.

एप्रिल २०२४ मध्ये क्लास २ ची सक्ती संपली. नफा ठरावीक किमान रकमेइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर क्लास २ पोटी काही न भरताही ती वर्गणी भरली असे मानले जाते. २०२५-२६ साठी ही रक्कम ६,८४५ पौंड होती. आता त्या वर्षाचा हिशेब पाहा. ७,००० पौंड नफा असलेला माणूस नॅशनल इन्शुरन्सपोटी काहीच भरत नाही आणि त्याच्या खात्यावर पूर्ण वर्ष जमा होते. ६०,००० पौंड नफा असलेला क्लास ४ पोटी सुमारे २,४५७ पौंड भरतो, त्यालाही एकच वर्ष. आणि ६,५०० पौंड नफा असलेली बाई काहीच भरत नाही, पण तिचे वर्ष कोरे जाते.

समजा, लंडनच्या हॅरो भागात एक बाई डबे करून देते. वर्षाची विक्री १४,००० पौंड. किराणा, डबे, पेट्रोल, गॅस असा खर्च ७,८०० पौंड. नफा उरला ६,२००. कर शून्य, म्हणून ती खूश. खर्चाची एकूण एक पावती जपून लावल्याने नफा रेषेखाली गेला, आणि त्याबरोबर पेन्शनचे वर्षही गेले. ते वाचवायचा मार्ग विवरणपत्रातच असतो: क्लास २ स्वेच्छेने भरणे. २०२५-२६ चा दर आठवड्याला साडेतीन पौंड, म्हणजे वर्षाला १८२. त्या बदल्यात पेन्शनमध्ये आठवड्याला सुमारे ६.५८ पौंडांची भर पडते, वर्षाला ३४२ च्या आसपास, आणि तीही जन्मभर. पेन्शन सुरू झाल्यावर सात महिन्यांच्या आत पैसे वसूल. हेच वर्ष क्लास ३ या वेगळ्या ऐच्छिक वर्गणीतून घ्यायचे तर २०२५-२६ च्या दराने ९२३ पौंड लागत, म्हणून आधी क्लास २ ला आपण पात्र आहोत का ते पाहावे. भरण्याची नेहमीची मुदत करवर्ष संपल्यानंतरच्या ३१ जानेवारीपर्यंत असते.

मात्र पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद उघडून बघणे फार गरजेचे आहे. पूर्ण पेन्शनची बेगमी आधीच झाली असेल, तर जादा वर्ष घेऊन उपयोग नाही. मूल १२ वर्षांच्या आतले असेल आणि चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) दावा आईच्या नावावर असेल, तर तिला ते वर्ष फुकट मिळते. कित्येक घरांत हा दावा नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या नावावर असतो. त्याचे वर्ष पगारातून जमा होतच असते, त्यामुळे ही सवलत वाया जाते. तसे असल्यास ती बायकोच्या नावावर वळवण्यासाठी अर्ज करता येतो.

म्हातारपणी पुण्याला किंवा नाशिकला परतायचा बेत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टेट पेन्शन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. परतताना जो दर चालू असेल, किंवा भारतात असताना पेन्शन सुरू झाले तर त्या दिवशी जो दर असेल, तोच कायम राहतो. पंधरा-वीस वर्षांच्या महागाईत त्याची किंमत किती उरते, हे सांगायला नको. परदेशातून स्वस्त क्लास २ भरून वर्षे वाढवण्याची वाटही ६ एप्रिल २०२६ पासून बंद करण्याचे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. माणूस ब्रिटनला कायमचा राहायला परत गेला, तर गोठलेले पेन्शन पुन्हा चालू दराने मिळते.