शिकाऊ उमेदवारीसह पदवी: प्रवेश मिळतो, करार अडतो

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील कंपनीत काम शिकत पदवी घ्यावयाची असेल, तर आधी आपला अभ्यासक्रम शिकाऊ उमेदवारीसह मंजूर झालेला आहे का, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. साध्या पदवीतील चार श्रेयांकांचे (क्रेडिट) ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ म्हणजे शिकाऊ उमेदवारी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे उद्योगात काढता येतात.

बारावीची गुणपत्रिका, आधार, छायाचित्र आणि अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी शैक्षणिक ओळख क्रमांक) ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. अडचण नावापासून सुरू होते. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे पूर्ण नाव तर कुठे केवळ आद्याक्षर, अशी तफावत असल्यास आधारवरील दुरुस्ती प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावी. कंपनीसोबतचा शिकाऊ उमेदवारीचा करार तोंडावर आल्यावर तेवढी उसंत मिळत नाही.

दुसरा अडसर बँक खात्याचा. विद्यावेतनातील केंद्र सरकारचा वाटा थेट आधार-संलग्न खात्यात जमा होतो. आधार क्रमांक मोबाईलला जोडलेला असणे वेगळे आणि बँक खात्याला जोडलेला असणे वेगळे, हे मुलांना कोणी सांगत नाही. शिवाय आधारशी एका वेळी एकाच बँकेची नोंद राहते, त्यामुळे सिमकार्डासोबत कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात रक्कम जाऊ शकते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहून खात्री करून घेता येते.

सर्वांत महागात पडतो तो तारखेचा गैरसमज. कंपनीचे निवडपत्र म्हणजे करार नव्हे. ‘नॅट्स’ या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर कंपनीने करार तयार करून विद्यार्थ्याने त्याला संमती दिल्यावरच तो पुढे सरकतो, आणि त्याआधी केलेल्या कामाचे दिवस हिशेबात धरले जातील असे गृहीत धरू नये. कित्येक लहान कारखान्यांची पोर्टलवर नोंदणीच नसते आणि ‘तुम्ही या, कागद नंतर करू’ असे गोड बोलून मुलांना कामाला जुंपले जाते; अशा ठिकाणी, मालक कितीही भला वाटला तरी, नोंदणी क्रमांक मागितल्याखेरीज रुजू होऊ नये. महाविद्यालयातील समन्वयक दाद देत नसेल, तर मुंबईत शीव-चुनाभट्टी येथील, ‘नॅट्स’ राबवणाऱ्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाच्या पश्चिम विभागाकडे निवडपत्राच्या प्रतीसह लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.