रक्ताचा कर्करोग आणि निदानानंतरचे पहिले तीस दिवस

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून साधारण तीस दिवसांत, मायलोमात (अस्थिमज्जेतला, हाडे आणि मूत्रपिंडे बिघडवणारा रक्ताचा कर्करोग) साठ दिवसांत, ओढवलेला मृत्यू संशोधक हल्ली वेगळा मोजतात. याचे कारण असे की सगळे मृत्यू एकाच आकड्यात घातले, तर औषधाने काम केले नाही की औषधाला काम करायला वेळच मिळाला नाही, हा फरक दिसेनासा होतो.

१८४५ मध्ये बर्लिनला फिरखो आणि एडिनबरोला बेनेट या डॉक्टरांनी ल्युकेमियाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची, नोंद केली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण उपचारच नव्हते. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटवला आणि मग ध्यानात आले की औषध हाती असूनही मुले त्याआधीच रक्तस्रावाने दगावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्रायराइक यांनी ताज्या प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) देण्याचा आग्रह धरला. तिथल्याच ४१४ रुग्णांच्या मृत्यूंचा आढावा १९६५ मध्ये छापून आला. त्यात रक्तस्रावाचे मृत्यू घटलेले दिसले आणि जंतुसंसर्ग हे मोठे कारण म्हणून पुढे आले. पुढच्याच वर्षी बोडी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका मोठा. कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत थांबणे अशा रुग्णाला परवडत नाही, म्हणून ताप येताच प्रतिजैविके सुरू करण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. माझ्या मते नव्या केमोथेरपीइतकेच जीव या एका सवयीने वाचवले असतील.

या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण मात्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे आहे. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले, ते अवघ्या काही आठवड्यांत रक्तस्रावाने मृत्यू घडवणारा आजार म्हणूनच. शांघायच्या वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला अ-जीवनसत्त्वाच्या कुळातले रेटिनॉइक ॲसिड दिले आणि ती बरी झाली. पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली आणि सर्वांत घातक मानला गेलेला हा ल्युकेमिया सर्वांत बरा होणारा ठरला. असे असूनही स्वीडनने १९९७ ते २००६ या काळातल्या आपल्या सर्व रुग्णांची नोंदवही तपासली, तेव्हा २९ टक्के रुग्ण पहिल्या तीस दिवसांतच गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले. औषधांच्या चाचण्यांत हा आकडा पुष्कळच लहान दिसत असे, कारण चाचणीत नाव घालण्याआधीच दगावणारा रुग्ण चाचणीच्या हिशेबात येतच नाही. पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर असणे, वय जास्त असणे आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असणे या गोष्टी धोका वाढवतात. म्हणून जनुकीय तपासणीची वाट न पाहता नुसत्या संशयावर रेटिनॉइक ॲसिडची गोळी सुरू करावी, असे आज सांगितले जाते.

इतर तीव्र ल्युकेमियांत पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या की मेंदूतला आणि फुप्फुसातला रक्तप्रवाह तुंबतो, तर उपचाराने पेशी एकदम फुटल्या की पोटॅशियम व युरिक ॲसिड वाढून मूत्रपिंडे बंद पडतात. निदानाआधीच कुणी तापावर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिलेले असेल, तर काही रुग्णांत ही उलथापालथ देखरेखीविनाच सुरू होते, शिवाय रोगाचे चित्रही पुसट होते.

मायलोमाची वाट निराळी. ब्रिटनमधल्या चाचण्यांचा २००५ चा आढावा सांगतो की सुमारे दहा टक्के रुग्ण साठ दिवसांत गेले आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे जिवाणूंचा संसर्ग होता. त्याखालोखाल मूत्रपिंडे निकामी होणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ किंवा कागलकडचा साठीतला ऊसकरी मायलोमाने पोखरलेल्या हाडांमुळे होणाऱ्या कंबरदुखीसाठी महिनोन्महिने मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खातो, तेव्हा याच मूत्रपिंडांवर दुहेरी भार पडत असतो, आणि कंबर दुखते ती कष्टाने, असे घरातही सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

कोल्हापुरात धोक्याचे आणखी एक कारण ऋतूत दडलेले आहे. पावसाळ्यात ताप आणि घसरलेले प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. म्हणून पपईच्या पानांचा रस देत, रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करत चार-सहा दिवस सहज निघून जातात. प्लेटलेट १५ हजार, हिमोग्लोबिन ६ आणि पांढऱ्या पेशी ४० हजार असे तिन्ही आकडे एकाच कागदावर असतील, तर ते डेंग्यूच्या चित्रात बसत नाही, पण नजर बहुधा प्लेटलेटच्या ओळीवरच थांबते. काचेवर रक्ताचा थेंब पसरून पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी, त्याच दिवशी दिसू शकतात. चंदगड किंवा गगनबावड्याहून आलेल्या रुग्णाला तिथून कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय, मग पुणे किंवा मुंबई असा प्रवास करावा लागला, तर आणखी दिवस मोडतात. प्लेटलेटची पिशवी साधारण पाच दिवसच टिकते, त्यामुळे साठवून ठेवण्याला मर्यादा आहे; २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा रुग्णालाही बाहेर जाता येत नव्हते आणि पिशवीलाही आत येता येत नव्हते.