गोष्ट संपल्यावर बोलायचं कोणी?

एका कार्टूनमध्ये तीन पायांचा कुत्रा येतो, त्याला बघून आधी सगळं जरा बिचकणं वगैरे होतं आणि मग मैत्री होते. ते बालवाडीतल्या मुलांना दाखवून विचारलं की यातून काय शिकलात? बऱ्याच मुलांच्या मते धडा काय, तर तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागायचं! 2008 साली छापून आलेला अमेरिकन अभ्यास आहे हा. तसं बघितलं तर मुलांचं चुकलं काहीच नाही, गोष्टीत कुत्राच होता ना. वेगळ्या दिसणाऱ्या सगळ्यांशीच प्रेमाने वागायचं ही पुढची उडी मोठ्यांना आपोआप मारता येते, लहानांना नाही.

म्हणून शेवटी 'तात्पर्य' सांगून पुस्तक मिटणं मला फारसं पटत नाही. समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं हेच मुळात मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास नीट कळायला लागतं, आणि ते कळल्याशिवाय 'त्याला काय वाटलं असेल' याचा नीट अंदाज बांधणार कसा?

टोरांटोमध्ये 4 ते 6 वर्षांच्या मुलांना, वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकीत प्राणी, दुसरीत माणसं. गोष्टीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा स्टिकर दिले आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी हवे तर ठेवा म्हणून सांगितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी उलट कमीच. एका अभ्यासावरून घरातली ससा-कासवं रद्दीत घालू नका प्लीज, पण हे प्राणी म्हणजे आपणच, ही लिंक मुलांना लागली का एवढं बघायला हवं.

ती लिंक लागते गप्पांमधून. इटलीत साधारण 7 वर्षांच्या 110 मुलांवर दोन महिने प्रयोग झाला, गोष्टी दोन्ही गटांना सारख्याच, फक्त एका गटाने नंतर त्यातल्या भावनांवर गप्पा मारल्या आणि दुसऱ्याने चित्रं काढली. भावना ओळखण्यात, दुसऱ्याच्या मनातलं समजण्यात गप्पावाली मुलं पुढे गेली. आणि मला सगळ्यात भारी वाटला तो दीड ते अडीच वर्षांच्या पिल्लांवरचा अभ्यास. चित्रांचं पुस्तक बघताना आईबाबा स्वतः भावनांबद्दल किती बोलतात याचा मुलांच्या मदत करण्याशी संबंध दिसला नाही, मुलांना किती बोलतं करतात याचा मात्र दिसला.

म्हणजे 'बघ, तो दुःखी आहे' म्हणण्यापेक्षा 'हा का रडत असेल रे?' विचारायचं आणि मग गप्प बसायचं, जे आपल्याला अजिबात जमत नाही. कधी उत्तर येईल, 'मी पण त्याला ढकललंच असतं.' येऊ दे, लगेच लेक्चर नको, 'बरं, मग तो काय म्हणाला असता?' एवढं विचारा. आणि दर पानावर अशी तोंडी परीक्षा घेतलीत तर पोरगं पुस्तकच टाकून पळेल, त्यामुळे कधीकधी नुसती गोष्ट वाचा.