ओळखपत्र पाठवलं म्हणजे विक्रेता खरा?

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन खरेदीत ‘विक्रेत्याने लष्कराचं ओळखपत्र पाठवलं, म्हणजे माणूस खात्रीचा’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. असं कार्ड चोरलेलं किंवा बनावट असू शकतं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून समोर कोण आहे ते कळत नाही.

गोष्ट ठरलेली: बदली झालीय, स्कूटर स्वस्तात द्यायचीय, पण ती छावणीत आहे, बघता येणार नाही. मग पार्सलची पावती येते. आधी वाहतूक खर्च मागतात, नंतर ‘परत मिळणारी’ अनामत. गणवेशावरच्या आपल्या विश्वासाचाच हा गैरफायदा, म्हणून जास्त संताप येतो.

आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम काढली जाण्याआधी गोठवता येऊ शकते.