न लावता उगवलेलं वांगं? धोतरा तर नाही ना!

पावसाळ्यात परसबागेत न लावलेली रोपं हटकून उगवतात. त्यातलं एखादं रुंद पानांचं, जोमदार रोप ‘वांगं असेल, राहू दे’ म्हणून पाणी घालून वाढवलं जातं. वांगं, मिरची, टोमॅटो आणि विषारी धोतरा एकाच कुळातले, त्यामुळे रोप वीतभर होईपर्यंत ही गल्लत सहज होते.

पान देठाशी दोन्ही बाजूंना असमान दिसतं म्हणजे धोतराच, असं समजू नका. वांग्याचंही तसंच असतं. स्पर्शावरही भिस्त नको, कारण धोतऱ्याच्या एका जातीचं पान गुळगुळीत, तर दुसरीचं मखमली. त्यापेक्षा पानाची खालची बाजू भिंगातून बघा. वांग्याची लव चांदणीसारखी फाटे फुटलेली असते, धोतऱ्याचा प्रत्येक केस साधा, सरळ. हातमोजा घालून पान चुरगळलं तर धोतऱ्याला उग्र, नकोसा वास येतो. चव मात्र कधीच घेऊ नये.

फूल आल्यावर शंका उरत नाही. वांग्याचं फूल जांभळी चांदणी, खाली झुकलेली. धोतऱ्याचं पांढरं किंवा जांभळट कर्ण्यासारखं, बहुधा १५ सेंमीच्या आसपास, संध्याकाळी उमलणारं. फळ गोल, काटेरी. त्याच्या बुडाशी फुलाच्या हिरव्या नळीचा उरलेला भाग झालरीसारखा दिसतो. हेच फळ महाशिवरात्रीला शंकराला वाहतात, म्हणून झाड उपटायला अनेकांचा हात धजत नाही.

फळातल्या बियांची मिरचीच्या बियांशी गफलत होते. मिरचीचं बी फिकट पिवळं, गोलसर, गुळगुळीत. धोतऱ्याचं तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, खडबडीत. वाळवून किंवा शिजवून विष जात नाही. त्यातली अॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं मज्जातंतूंचे संदेश अडवतात. मग घशाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, कातडी लाल, कोरडी, गरम होते, नाडी धावते आणि माणूस बरळू लागतो. झाडागणिक विषाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ‘एवढ्याने काही होत नाही’ असं प्रमाण सांगताच येत नाही. कुणी खाल्लं असेल तर उलटी करवण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि पान-फळ पिशवीत घालून दवाखान्यात न्या.

झाड फळं तडकण्याआधीच मुळासकट काढा. रस लागलेलं बोट डोळ्याला लागलं तरी बाहुली तासन् तास मोठी राहते, तेव्हा हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुवा. फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं, म्हणून पुढच्या पावसाळ्यांतही तोच वाफा तपासावा लागतो.